स्मरणरंजन

व्यक्तीने अथवा समाजाने आपल्या गतकाळाकडे ओढीने पाहणे, त्यातील प्रसंग, वस्तू, गाणी, वेशभूषा व साधने यांच्या आठवणीत रमणे आणि त्यांच्या सान्निध्यातून सुख मिळविणे, या मनोव्यापारास स्मरणरंजन असे म्हणतात. आठवण आणि स्मरणरंजन या दोहोंत भेद आहे. आठवण कटू, गोड वा निर्विकार असू शकते. स्मरणरंजनात मात्र गतकाळाची निवड होते. त्यातील काही भाग उजळून घेतला जातो व काही झाकला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रण, चित्रपट, रेडिओ व दूरचित्रवाणी या माध्यमांनी गतकाळ पुन्हा ऐकण्याची व पाहण्याची सोय केली. त्यामुळे हा मनोव्यापार वैयक्तिक न राहता सामुदायिक झाला आणि कालांतराने त्याचा व्यापारही सुरू झाला. जुन्या धाटणीची रेडिओपेटी, चावीचा ग्रामोफोन, काळी-पिवळी टॅक्सी, नऊवारी लुगडे, पत्र्यावरील मुलाम्याच्या जाहिराती इ. गोष्टींना आज जे मोल आले आहे, ते या प्रक्रियेचे फळ होय.

संज्ञा : यूरोपीय भाषांत या भावनेस ‘नॉस्टॅल्जिया’ अशी संज्ञा आहे. स्वित्झर्लंडमधील योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे १६८८ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात ती प्रथम वापरली. ग्रीक ‘नॉस्टॉस’ (स्वगृही परतणे) व ‘आल्गॉस’ (वेदना) या दोन शब्दांपासून ती बनली आहे. घरापासून दूर असणाऱ्या तरुणांना जडणारा एक शारीरिक विकार, असा होफरचा अभिप्रेत अर्थ होता. पुढील दोन शतकांत तिचा वैद्यकीय अर्थ मागे पडत गेला आणि स्थळाच्या ओढीऐवजी काळाची ओढ असा अर्थ रूढ झाला. सोडलेल्या गावी परत जाता येते, सरलेल्या काळात जाता येत नाही. या अर्थांतरात त्या भावनेतील हुरहुरीचे कारण दडलेले आहे.

मराठीत स्मरणरंजन, गतकातरता, स्मृतिकातरता असे पर्याय प्रचलित आहेत. त्यांपैकी ‘कातरता’ असलेले शब्द मूळ ग्रीक शब्दातील वेदना जपतात, तर ‘रंजन’ हा शब्द सुखावर भर देतो. एकाच भावनेची ही दोन अंगे असल्याने दोन्ही शब्द सार्थ आहेत. ‘रेट्रो’ व ‘विंटेज’ हे शब्दही आता मराठी बोलण्यात रुळले आहेत. त्यांतील ‘विंटेज’ हा मूळचा द्राक्षाच्या हंगामाशी व मद्याशी निगडित शब्द असून विशिष्ट काळात प्रत्यक्ष निर्माण झालेल्या अस्सल वस्तूस तो लावतात. ‘रेट्रो’ वस्तू नवीच असते, तिचे केवळ रूप जुन्या धाटणीचे असते. १९४० च्या सुमारास बनलेला ग्रामोफोन विंटेज होय. त्याच्या आकाराचा विजेवर चालणारा नवा ध्वनिवादक रेट्रो होय.

मानसशास्त्रीय विवेचन : प्रौढ व्यक्तींना आपल्या आयुष्यातील प्रसंग आठवावयास सांगितले, तर सु. १० ते ३० या वयातील प्रसंग प्रमाणाबाहेर अधिक आठवतात, असे स्मृतीविषयक प्रयोगांत आढळून आले आहे. पहिली नोकरी, विवाह, स्थलांतर यांसारखे प्रसंग याच काळात प्रथम घडतात व म्हणून ते मनावर ठसतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण देण्यात येते. मॉरिस हॉलब्रुक व रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, श्रोत्यांची सर्वाधिक पसंती त्यांच्या वयाच्या चोविशीच्या सुमारास लोकप्रिय असलेल्या गीतांना मिळाली. ‘आमच्या वेळची गाणी’ हा प्रत्येक पिढीच्या तोंडी असणारा शब्दप्रयोग या निष्कर्षाशी जुळणारा आहे.

फ्रेड डेव्हिस या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले, की जीवनक्रमात खंड पडला म्हणजे ही भावना बळावते आणि ‘मी कोण’ या प्रश्नाचे सातत्यपूर्ण उत्तर ती व्यक्तीस पुरविते. एकविसाव्या शतकात कॉन्स्टंटाइन सेडिकिडीझ, टिम वाइल्डशट व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या प्रयोगांत एकाकीपणा व उदासी यांमुळे स्मरणरंजन जागे होते आणि त्यामुळे इतरांशी जोडलेपणाची जाणीव वाढते, असे दिसून आले. होफरने ज्यास रोग मानले, त्याकडे आता मनाचा एक स्वाभाविक आधार म्हणून पाहिले जाते. स्वेतलाना बॉइम या विदुषीने २००१ मध्ये या भावनेचे दोन प्रकार मानले : हरपलेले पुन्हा जसेच्या तसे उभारू पाहणारा व हरपल्याचे भान ठेवून त्याचे चिंतन करणारा. पहिला प्रकार अनेकदा इतिहासाचा वेष घेऊन येतो, असा इशाराही तिने दिला. जुन्या वस्तूंविषयीच्या आकर्षणाचा विचार करताना हा भेद उपयोगी पडतो.

तबकडी व ग्रामोफोन : महाराष्ट्रातील स्मरणरंजनात ध्वनिमुद्रिकेचे स्थान पहिले आहे. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कोलकात्यात आरंभ झाला. प्रारंभीच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून येत. १९०८ पासून त्या कोलकात्यात छापल्या जाऊ लागल्या. नाट्यसंगीताला लाभलेली लोकप्रियता ध्यानी घेऊन कंपन्यांनी मराठी गायक-गायिकांची ध्वनिमुद्रणे मोठ्या संख्येने केली. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर इत्यादींची पदे नाटकगृहापासून दूर असलेल्या गावी पोहोचली, ती तबकडीमुळेच. मुंबईतील नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ नंतर सु. दोन दशके ‘यंग इंडिया’ या छापाच्या तबकड्या काढल्या.

मिनिटास ७८ फेरे घेणारी ही तबकडी लाख, दगडाची पूड व काजळी यांच्या मिश्रणाची असे. लाखेच्या उत्पादनात भारत अग्रेसर असल्याने या उद्योगाचा एक मुख्य कच्चा माल भारतीयच होता. १० इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांहून थोडा अधिक काळ मावत असे. तेवढ्या अवधीत राग मांडण्याची शिस्त गायकांना अंगी बाणवावी लागली. ग्रामोफोनला चावी दिली, की पोलादी कमान गुंडाळली जाई. ती सुटताना तबकडी फिरे व नियंत्रक तिची गती स्थिर राखी. खोबणीतून जाणाऱ्या पोलादी सुईची थरथर ध्वनिपेटीतील अभ्रकाच्या वा धातूच्या पातळ पडद्याला मिळे आणि कर्ण्यातून आवाज मोठा होऊन बाहेर पडे. या संपूर्ण क्रियेत विजेचा संबंध नसल्याने वीज न पोहोचलेल्या खेड्यांतही हे यंत्र चालत असे. सुई तबकडीहून मृदू राहावी व तिने स्वतः झिजावे, अशी योजना असल्याने दर बाजूस नवी सुई लावणे आवश्यक असे. काटकसरीने एकच सुई अनेकदा वापरली गेल्याने खोबण्या खरवडल्या गेल्या. जुन्या तबकड्यांतून आज ऐकू येणारी खरखर काही अंशी या काटकसरीची खूण आहे. आजचे अनेक श्रोते तीच खरखर ‘जुनेपणाचा गोडवा’ म्हणून मानतात आणि काही नव्या ध्वनिमुद्रणांत ती मुद्दाम मिसळलीही जाते. [→ ग्रामोफोन].

रेडिओ : मुंबई केंद्रावरून २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने नियमित प्रसारण सुरू केले. नागपूर केंद्र १९४८ मध्ये व पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकर यांची गीते व सुधीर फडके यांचे संगीत असलेल्या गीतरामायणाचे साप्ताहिक प्रसारण झाले. त्यातील ५६ गीते त्या पिढीच्या सामुदायिक स्मृतीचा भाग बनली व त्यांचे कार्यक्रम आजही होतात. १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांना आवर घातला, तेव्हा श्रोते श्रीलंकेतील रेडिओ सिलोनकडे वळले. तेथून अमीन सायानी यांनी सादर केलेली ‘बिनाका गीतमाला’ अतिशय लोकप्रिय झाली. तिला तोड म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ ही सेवा सुरू करण्यात आली. आज ज्यास ‘सुवर्णकाळ’ म्हणतात, त्या काळातील गीतांचा प्रसार अशा रीतीने एका निर्बंधातून व त्याला शोधलेल्या पळवाटेतून झाला.

रेडिओ घेणाऱ्यास डाकघरातून परवाना काढावा लागे व त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात बंद झाली. निर्वात नलिकांचा संच तापण्यास वेळ लागे व तो विजेवर किंवा जड विद्युत् घटमालेवर चाले. १९६० नंतर ट्रान्झिस्टर संच आले, तेव्हा रेडिओ प्रथमच शेतात, बाजारात व गुराख्याच्या खांद्यावर गेला. त्यापूर्वीचे श्रवण बहुधा सामुदायिक होते : चावडी, वाचनालय, हॉटेल किंवा सधन घराची ओसरी ही त्याची ठिकाणे होत. कोण ओसरीवर बसे, कोण पायरीखाली उभा राही व कोणाला अंगणातही प्रवेश नसे, हे गावच्या जातिव्यवस्थेने ठरविलेले असे. रेडिओच्या आठवणींत हा तपशील क्वचितच येतो.

फिरता तंबू : चित्रपटविषयक स्मरणरंजनाचे खास महाराष्ट्रीय रूप म्हणजे तंबूतील सिनेमा किंवा टुरिंग टॉकीज. पावसाळा सरल्यानंतर व पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी गावोगावच्या यात्राजत्रांमागे हे तंबू फिरत. प्रक्षेपकयंत्र, चित्रफितींच्या पेट्या, पडदा व तंबूचे सामान मालमोटारीवर लादलेले असे. खेळापूर्वी कर्ण्यावरून पुकारा होई व मोठ्या यात्रेत अनेक तंबू प्रेक्षक खेचण्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करीत. प्रेक्षक जमिनीवर बसत. जुन्या प्रक्षेपकात कार्बनच्या दोन कांड्यांमधील विद्युत् प्रज्योतीचा प्रकाश वापरीत. कांड्या जळून आखूड होत, तसतसे त्यांतील अंतर हाताने सावरावे लागे. रीळ संपताच दुसरे लावणे, तुटलेली फीत जोडणे व ज्योत स्थिर राखणे ही कामे करणारा यंत्रचालक हा या व्यवसायाचा कणा होता.

दूरचित्रवाणी व व्हिडिओ यांच्या प्रसाराने या व्यवसायाला ओहोटी लागली. २०१० नंतर चित्रपट फितीऐवजी अंकीय स्वरूपात वितरित होऊ लागले, तेव्हा नव्या चित्रपटांच्या फिती मिळणेच बंद झाले व जुनी यंत्रे निरुपयोगी ठरली. गजेंद्र अहिरे यांचा टुरिंग टॉकीज (२०१३) हा मराठी चित्रपट आणि शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा द सिनेमा ट्रॅव्हलर्स (२०१६) हा माहितीपट यांनी या जगाचे चित्रण केले. माहितीपट महाराष्ट्रातील फिरत्या तंबूंवर आधारलेला असून त्याला २०१६ च्या कॅन महोत्सवात परीक्षकांची विशेष दखल लाभली. तंबू विरळ होत गेले, त्याच सुमारास ते कलाविषय बनले. साधन वापरातून जाऊ लागते तेव्हाच त्याचे स्मरण सुरू होते, हा नियम येथेही दिसतो.

यंत्रे, वाहने व वेशभूषा : मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस या उद्योगाने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखनयंत्र तयार केले. न्यायालये, तहसील कचेऱ्या व टंकलेखनवर्ग यांत पुढील चार-पाच दशके या यंत्राचा अंमल होता. कळांची संख्या मर्यादित असल्याने देवनागरीतील जोडाक्षरे अर्ध्या अक्षरांच्या जुळणीतून छापावी लागत. त्या मर्यादेचा ठसा कार्यालयीन मराठीच्या लेखनावरही उमटला. एकविसाव्या शतकात या यंत्राचे उत्पादन बंद पडले आणि राज्यातील टंकलेखनाच्या परीक्षाही संगणकावर घेतल्या जाऊ लागल्या. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. ती बंद होण्याच्या सुमारास अनेकांनी केवळ आठवण म्हणून स्वतःला व आप्तांना तारा पाठविल्या. ज्या तारेच्या नुसत्या आगमनाने घरात धसका बसे, ती अखेरीस संग्राह्य वस्तू बनली.

पुण्याजवळील आकुर्डी येथे १९७२ पासून निघालेली ‘चेतक’ ही स्कूटर मध्यमवर्गीय कुटुंबाच्या स्थैर्याची खूण मानली जाई. तिच्यासाठी नोंदणी करून काही वर्षे वाट पाहावी लागे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे उत्पादन थांबले व २०२० मध्ये त्याच नावाची, जुन्या वळणाची आठवण देणारी विजेवरील स्कूटर बाजारात आली. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या ‘प्रीमियर पद्मिनी’ या मोटारीच्या टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. १९३७ पासून धावणाऱ्या दुमजली बसगाड्यांपैकी डिझेलवरील शेवटची गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. दोन्ही प्रसंगी निरोप देण्यास नागरिकांनी गर्दी केली. त्यांच्यापैकी दररोज या वाहनांतून प्रवास करणारे किती व त्यांच्याशी चित्रपटातून परिचित झालेले किती, हे सांगणे कठीण आहे. पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये ‘विंटेज’ नोंदणीची स्वतंत्र पद्धत घालून दिली. अशी वाहने प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती यांसारख्या कारणांखेरीज रस्त्यावर आणता येत नाहीत.

वेशभूषेत नऊवारी लुगडे, नथ, फेटा, धोतर यांचे सणसमारंभांतील पुनरागमन लक्षणीय आहे. रोजच्या कष्टाच्या कामात सोयीची असलेली नऊवारी आज बहुधा शिवून तयार मिळते, कारण ती नेसण्याचे कौशल्य नव्या पिढीकडे आलेले नाही. रूप टिकले व कसब गेले, असे या बाबतीत म्हणता येईल. वाड्यासारखी सजविलेली उपाहारगृहे, शहरी पाहुण्यांसाठी शेतावर होणारे हुरड्याचे कार्यक्रम व पेशवाई थाटाचे विवाहसोहळे ही याच प्रवृत्तीची अन्य रूपे होत.

व्यापार : स्मरणरंजनाची बाजारपेठ दोन प्रकारची आहे. पहिली अस्सल जुन्या वस्तूंची. मुंबईतील चोरबाजार आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही तिची प्रसिद्ध केंद्रे होत. तेथे अस्सल वस्तूंबरोबर जुन्या सुट्या भागांची जुळणी करून बनविलेले पितळी कर्ण्यांचे ग्रामोफोनही विकले जातात, त्यामुळे ग्राहकास पारख असावी लागते. दुसरी बाजारपेठ नव्या वस्तूंना जुने रूप देण्याची. २०१७ मध्ये आलेला ‘कारवाँ’ हा रेडिओच्या आकाराचा, ५,००० हिंदी गीते आधीच साठविलेला ध्वनिवादक हे तिचे ठळक भारतीय उदाहरण आहे. ज्येष्ठांना तो भेट देण्याची प्रथा पडली. अंकीय साधनांची भीती न बाळगता गाणी ऐकण्याची सोय त्यांना त्याच्या जुन्या रूपामुळे मिळाली. म्हणजेच येथे जुने रूप केवळ शोभेचे नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने रामायण, महाभारत इ. जुन्या मालिका पुन्हा दाखविल्या व जुन्या कार्यक्रमांसाठी एक वाहिनीही सुरू केली.

परदेशांत हा कल अधिक व्यापक आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये विकल्या गेलेल्या विनाइल तबकड्यांची संख्या १९८७ नंतर प्रथमच सीडींहून अधिक झाली. पोलरॉइड कंपनीने २००८ मध्ये तत्काळ छायाचित्रणाच्या फितीचे उत्पादन थांबविल्यावर नेदरलँड्समधील तिच्या कारखान्यातील काही माजी कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने ते पुन्हा सुरू करण्यात आले. या वस्तूंचे बरेच ग्राहक तरुण असून त्यांनी तो काळ प्रत्यक्ष पाहिलेला नाही. न अनुभवलेल्या काळाविषयीची ही ओढ आठवणीवर आधारलेली नसते. हाताळता येणारी, मोजकी व सावकाश चालणारी साधने अतिवेगवान अंकीय व्यवहारावर उतारा म्हणून त्यांना प्रिय वाटतात.

टीका व मर्यादा : स्मरणरंजनावर मुख्य आक्षेप असा, की ते गतकाळातील कष्ट व विषमता पुसून टाकते. जात्यावरच्या ओव्यांची आठवण निघते, पण पहाटे दळणाऱ्या स्त्रीच्या दुखऱ्या खांद्यांची निघत नाही. चुलीवरच्या भाकरीचे कौतुक होते, धुराने अधू झालेल्या डोळ्यांचे स्मरण होत नाही. मराठी साहित्यात या वृत्तीला छेद देणारे लेखन समर्थपणे झाले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात गतकाळ विनोदाने पण निर्भीडपणे मांडला आहे. दया पवार यांचे बलुतं (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे आठवणींचे पक्षी (१९७९), लक्ष्मण माने यांचे उपरा (१९८०) व ऊर्मिला पवार यांचे आयदान (२००३) या आत्मकथनांनी, ज्या गावगाड्याविषयी इतरांना हुरहूर वाटते त्याचेच दाहक दर्शन घडविले. त्यांत स्मरण आहे, रंजन नाही. [→ दलित साहित्य].

दुसरा आक्षेप निवडीचा आहे. बाजारपेठेत पुन्हा येते ते बहुधा गाजलेले चित्रपटसंगीत, नाट्यसंगीत व भावगीत. १९८० नंतर स्वस्त कॅसेटमुळे प्रथमच आपला श्रोतृवर्ग मिळालेली भीमगीते, लोकगीते, कव्वाल्या, तमाशातील वग व भारुडे यांच्या मूळ प्रती घरोघरच्या पेटाऱ्यांत पडून आहेत. वामनदादा कर्डक यांची गीते गावोगावच्या गायकपार्ट्यांनी गायिली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांसारख्या गायकांचा आवाज मुख्यतः कॅसेटनेच दूरवर नेला. चुंबकीय फितीवरील लेप कालांतराने सुटतो, उष्णतेने व दमटपणाने फीत चिकटते आणि ती वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. ज्या ध्वनींना बाजारभाव नाही, ते या दशकांतच कायमचे मुके होण्याचा धोका आहे.

जतन : स्मरणरंजनातून उपजणारे विधायक कार्य म्हणजे जतन होय. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्याचे उत्तम उदाहरण. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणून परिचित असलेले दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, भांडी अशा नित्योपयोगी वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्या काळी या वस्तूंना मोडीपलीकडे किंमत नव्हती. बालपणीच वारलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहास दिले व १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केला. व्यक्तिगत शोकाला त्यांनी समाजाच्या ठेव्याचे रूप दिले. ध्वनिमुद्रिकांच्या क्षेत्रात मुंबईतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने १९९० पासून संग्राहकांना एकत्र आणून तबकड्यांची सूचिबद्ध माहिती प्रसिद्ध केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली. पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे उर्वरित अंश व प्रभात कंपनीचे चित्रपट तेथे आले. तरीही पुष्कळ गमावले गेले : आलम आरा (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट फितीवरील अनेक जुने चित्रपट नष्ट झाले.

कायद्याचे संरक्षण अपुरे आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते (हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षे आहे). त्यामुळे विसाव्या शतकातील बहुतेक यंत्रे, तबकड्या व कॅसेट या व्याख्येबाहेर राहतात. नव्या पुस्तकांच्या प्रती ठराविक ग्रंथालयांना देणे १९५४ च्या अधिनियमाने प्रकाशकांवर बंधनकारक केले आहे. ध्वनिमुद्रिकांना तो अधिनियम लागू नाही. त्यांचा प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे जिचा मालक सापडत नाही अशी ध्वनिमुद्रिका या अवधीत खुलेपणाने उपलब्ध करून देता येत नाही आणि अवधी संपेपर्यंत ती वाजण्याजोगी उरतेच असे नाही.

ग्रामीण स्मृतीचा प्रश्न यांहून निकडीचा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासात प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे झालेल्या लढाईत निजामुल्मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला व दक्षिणेत आसफजाही सत्तेचा पाया घातला. विजयाची खूण म्हणून गावास फत्तेखेर्डा असे नावही देण्यात आले. तीन शतकांपूर्वीच्या या लढाईची तपशीलवार नोंद ग्रंथांत सापडते. पण अशा गावांत पहिला रेडिओ कोणी आणला, ग्रामोफोन कोणाच्या लग्नात प्रथम वाजला, तंबूत कोणता चित्रपट लागला व कोणाला तो पाहता आला नाही, याची नोंद सहसा कोठेही केली जात नाही. ती वृद्धांच्या बोलण्यात तेवढी असते व त्यांच्याबरोबर जाते. राजवाड्यातील वस्तू व राज्यकर्त्यांचे कागद यांच्या जतनाची परंपरा आहे. सामान्य माणसाच्या करमणुकीचा इतिहास मात्र अद्याप मुख्यतः स्मरणरंजनाच्याच स्वाधीन आहे.

यासाठी मोठ्या संग्रहालयाचीच गरज असते असे नाही. गावचे वाचनालय वा शाळा यांना वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, घरोघरच्या तबकड्या, कॅसेट व छायाचित्रांची यादी करणे, त्यांवर नाव, साल व स्थळ लिहून ठेवणे आणि त्यांच्या अंकीय प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी राखणे शक्य असते. तबकड्या उभ्या ठेवणे, कॅसेट उन्हापासून व चुंबकापासून दूर राखणे आणि बुरशी धरलेली फीत स्वच्छ केल्याखेरीज न वाजविणे या साध्या दक्षताही उपयोगी पडतात. नोंद नसलेली वस्तू दिवाणखान्याची शोभा होते. नोंदीसह राखलेली वस्तू पुरावा ठरते. अंकीय साधनांमुळे हा प्रश्न सुटला, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. फ्लॉपी, सीडी व जुन्या भ्रमणध्वनीतील संचिका वाचणारी यंत्रे तबकडी वाजविणाऱ्या यंत्रांपेक्षाही लवकर कालबाह्य होत असून, आजच्या पिढीच्या उद्याच्या स्मरणासाठी कोणती सामग्री शिल्लक राहील, हे तिच्या आजच्या जतनावर अवलंबून आहे.